गोदाकाठचा हॉल ठरवताना

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

तुळशीचं लग्न जवळ आलं की कार्यालयं शोधायची धांदल सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं नदीकाठच्या हॉलबद्दल आहेत. नाशिकमध्ये आनंदवल्ली-सोमेश्वरपासून पंचवटी, तपोवन, टाकळीपर्यंत गोदावरीच्या दोन्ही तीरांवर लॉन्स, ट्रस्टची कार्यालयं आणि समाजाचे हॉल आहेत. ते घेताना विचारायच्या गोष्टी गावातल्या कार्यालयापेक्षा थोड्या वेगळ्या असतात. सभागृह व्यवस्थापन, वीज-ध्वनी आणि कायदा या तिन्ही बाजू रोज हाताळणाऱ्यांनी ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वडिलांची साठीशांत ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात करायची आहे, माणसं अडीचशे. नदीला लागून असलेला एक हॉल हिवाळ्याच्या निम्म्या भाड्यात मिळतोय. घ्यावा का? (सिडको)

चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे भाडं उतरणारच, त्यात फसवणूक काही नाही. पण नदीकाठच्या हॉलच्या उतरलेल्या भाड्यात पुराची जोखीमही धरलेली असते, आणि ती भाडं घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. 2008 चा सप्टेंबर, 2016 चा ऑगस्ट आणि 2019 चा ऑगस्ट, या तिन्ही पुरांत सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत पाणी आलं होतं. त्यामुळे आधी जागा नीट वाचा, होकार त्यानंतर द्या.

हॉल पाहायला जाल तेव्हा खिडकीतून दिसणारी नदी राहू द्या, भिंतीचा खालचा तीन-चार फूट भाग बघा. नव्या रंगाखालीसुद्धा पुराची खूण लपत नाही. एका उंचीपर्यंत प्लास्टरला पापडी सुटलेली असते. लाकडी चौकट खालून फुगलेली असते, दाराची खालची बिजागरी गंजलेली आणि वरची धडधाकट असते. भिंतीवरचे सॉकेट जमिनीपासून फुटभर उंचीवर असण्याऐवजी सगळे चार-पाच फुटांवर चढवले असतील, तर मालकाने ते हौसेने केलेलं नाही. एखादा जुना, बंद पडलेला सॉकेट खाली राहिला असेल तर त्याच्या भोकांत बारीक तपकिरी गाळ दिसतो. मागच्या भटारखान्याच्या भिंतीला सहसा कोणी रंग देत नाही, त्यामुळे तिथे गाळाची रेघ जशीच्या तशी सापडते. त्या रेघेची उंची टेपने मोजा आणि कोणत्या वर्षाची आहे ते वॉचमनला विचारा. मॅनेजरपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट पूररेषेची. 2008 च्या पुरानंतर शहरातल्या गोदावरीच्या पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात पक्का हॉल दाखवत असतील, तर बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला मागून घ्या. पुष्कळदा लॉन आणि पार्किंग निळ्या रेषेच्या आत असतं आणि हॉल बाहेर. अशा वेळी हॉल कोरडा राहतो, पण गाड्या बुडतात. रामकुंडाजवळच्या पटांगणांत लावलेल्या गाड्या पाण्यात गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतच असतात.

तिसरी गोष्ट, पाणी कुठून येतं. शहरात ऊन पडलेलं असलं तरी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात पाऊस झाला की गंगापूर धरण भरतं. धरणाची क्षमता 5,630 दशलक्ष घनफूट. ऑगस्टमध्ये ते बऱ्यापैकी भरलेलं असल्याने येणारं पाणी पुढे सोडावं लागतं आणि विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात. आनंदवल्ली-सोमेश्वर भागातल्या हॉलसाठी गंगापूरच्या विसर्गाचा क्युसेकमधला आकडा बघायचा. पंचवटीसाठी होळकर पुलाखालचा आकडा, आणि नाशिककरांचं जुनं माप तर आहेच, ते म्हणजे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं. टाकळीच्या बाजूला मात्र नंदिनी म्हणजे नासर्डी येऊन मिळते. तिच्यावर धरणाचा दरवाजा नाही. शहरात तासभर मुसळधार पाऊस झाला की ती चढते, त्यामुळे गंगापूरचा आकडा बघून तिथे निर्धास्त राहू नका.

एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, यजमानांच्या येते. नदी दारात येण्याच्या बरीच आधी ड्रेनेजमधून वर येते. नदीची पातळी चेंबरच्या वर गेली की सांडपाणी बाहेर पडत नाही, उलट फिरतं, आणि सगळ्यात खालच्या जागेतून म्हणजे भटारखान्याच्या मोरीतून आणि तळमजल्याच्या संडासातून बाहेर येतं. यावर उपाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. बाहेर जाणाऱ्या पाइपवर एक झडप असते, ती बाहेरच्या दिशेनेच उघडते. हॉलच्या शेवटच्या चेंबरचं झाकण उघडायला सांगा आणि झडप आहे का, कचरा अडकून ती अर्धी उघडी तर राहिलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. ‘आहे हो, बसवलीय’ हे उत्तर पुरेसं नाही.

आता घ्यायचा की नाही? हॉल पहिल्या मजल्यावर असेल, रस्त्याच्या बाजूने वेगळा प्रवेश असेल आणि करारात पुढची अट लिहून मिळत असेल तर जरूर घ्या. अट अशी : ‘महापालिका, पोलीस किंवा जलसंपदा विभागाच्या सूचनेमुळे हॉलकडे येणारा रस्ता बंद झाला, किंवा हॉलच्या आवारात पाणी आलं, तर पूर्ण रक्कम सात दिवसांत परत, अथवा यजमानाच्या पसंतीने सहा महिन्यांतली दुसरी तारीख त्याच दरात.’ ‘पूर आल्यास’ एवढंच लिहू नका. पूर आला की नाही यावर वाद घालता येतो, रस्ता बंद होता की नाही यावर नाही. केटरर आणि मंडपवाल्याच्या पावतीवरही हीच अट घाला. हॉलचे पैसे परत आले आणि अडीचशे पानांचा ॲडव्हान्स बुडाला, असं व्हायला नको.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कार्य असेल तर रामकुंड ते तपोवन हा पट्टा यादीतूनच काढा. सिंहस्थाच्या स्नानपर्वण्यांच्या दिवसांत त्या भागात खासगी गाड्या सोडत नाहीत.

प्रश्न : 60 बाय 40 फुटांचा हॉल आहे. मॅनेजर म्हणतो, पाचशे माणसं ‘आरामात’ बसतात. आमची तीनशे आहेत, मग काळजी नको ना? (जेल रोड)

पाचशे माणसं आरामात उभीसुद्धा राहणार नाहीत. हिशेब साधा आहे. 60 बाय 40 म्हणजे 2,400 चौरस फूट. त्यातून 20 बाय 12 चं स्टेज म्हणजे 240 गेले, जाण्यायेण्याच्या वाटा आणि दारासमोरची मोकळी जागा यांचे किमान 400 गेले. उरले 1,760. नुसत्या खुर्च्या ओळीने मांडल्या तर माणशी 7 चौरस फूट लागतात, म्हणजे अडीचशे खुर्च्या. पाच फुटी गोल टेबल आठ जणांचं असतं आणि मागे सरकणाऱ्या खुर्च्या धरून 10 बाय 10 ची जागा खातं. म्हणजे माणशी साडेबारा चौरस फूट, आणि 1,760 मध्ये जेमतेम 140 माणसं. विधी आणि जेवण एकाच हॉलमध्ये असेल तर तीनशेला हा हॉल अपुरा आहे. जेवण बाहेर लॉनवर असेल तर अडीचशे खुर्च्यांत भागवता येईल, पण मग पावसाचा प्रश्न आहे. वॉटरप्रूफ मंडपाचा खर्च भाड्यात मिळवून मग तुलना करा.

टेबल-खुर्चीची पंगत असेल तर एका पानाला दोन फूट रुंदी धरा. शंभर पानांची पंगत उठून पुढची बसायला पाऊण तास लागतो, त्यामुळे तीनशेला तीन पंगती, सव्वादोन तास. मुहूर्त साडेबाराचा असेल तर शेवटची पंगत तीननंतरच उठणार. आणि बऱ्याच कार्यालयांत सकाळचं सत्र तीनला संपतं! ही गोष्ट बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या, नाहीतर वाढपी ताटं उचलत असताना संध्याकाळच्या कार्याची फुलं आत येऊ लागतात. बुफे असेल तर शंभर-सव्वाशे माणसांमागे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं एक काउंटर लागतं. भात आणि गोड शेवटी मांडण्याऐवजी वेगळ्या टेबलावर ठेवलं की रांग हलते.

संडास मोजायला विसरू नका. बायकांसाठी शंभरामागे तीन हे माप धरा. दीडशे बायकांना दोन संडास दाखवणारा हॉल कितीही सुंदर असला तरी नको. पाण्याचं बघायचं तर पिण्याला माणशी दोन लिटर, म्हणजे तीनशेंना 20 लिटरचे 30 जार. वापरायला माणशी 15 लिटर, म्हणजे साडेचार हजार लिटर, शिवाय भांडी घासायचं वेगळं. वरची टाकी केवढी आहे आणि पंप कोण चालू करणार, ते विचारा. ‘नदी शेजारीच आहे’ हे पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

दारं किती, ती बाहेरच्या बाजूला उघडतात का, हेही बघा. नदीकडचं दार कार्यक्रमात बंद ठेवायची पद्धत असते. आणीबाणीत तेच उपयोगी पडणार असेल तर त्याला कुलूप नको, कडी हवी. अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र मालकाने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. शेवटचं कधीचं आहे ते मागा. मालक ते लगेच दाखवतो की विषय बदलतो, यावरून बाकीच्या व्यवस्थेचा अंदाज येतो.

प्रश्न : देवस्थान ट्रस्टच्या कार्यालयाने भाड्यावर 18 टक्के जीएसटी लावला. धर्मादाय संस्थेला जीएसटी नसतो ना? (पंचवटी)

सरसकट माफी नाही. सर्वसामान्य लोकांसाठी खुल्या असलेल्या धार्मिक स्थळाच्या आवारातला हॉल, कल्याणमंडप किंवा मोकळी जागा नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टने भाड्याने दिली आणि भाडं दिवसाला 10,000 रुपयांपेक्षा कमी असेल, तर माफी आहे. भाडं 10,000 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा हॉल देवळाच्या आवाराबाहेर दुसरीकडे असेल, तर कर लागतो. दुसरं असं की, सेवा देणाऱ्या संस्थेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि तिने नोंदणी घेतली नसेल, तर तिला जीएसटी गोळाच करता येत नाही. पावतीवर 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक छापलेला नसेल आणि कर मात्र लावलेला असेल, तर ते पैसे देऊ नका.

प्रश्न : संगीत नदीकाठच्या लॉनवर ठेवतोय. डीजे बारापर्यंत चालेल असं मालक म्हणतो. पलीकडच्या तीरावर सोसायट्या आहेत. (कॉलेज रोड)

मालक म्हणतो ते चालणार नाही. उघड्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते सण-उत्सवांसाठी असतात आणि आधी जाहीर होतात, घरच्या संगीताला ती सूट लागू नाही. दहानंतर वाजवायचं तर बंद हॉलमध्ये, दारं-खिडक्या लावून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने. दहाच्या आतही निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि खासगी जागेच्या हद्दीवर ती 5 डेसिबलहून जास्त ओलांडता येत नाही. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालयापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. कॉलेज रोड-गंगापूर रोड भागात हे अंतर मोजूनच घ्या.

पलीकडच्या सोसायटीची तक्रार नदीकाठी लवकर येते, त्याला कारण आहे. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असते. त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो, आणि मध्ये झाड, भिंत काही नसल्याने थेट समोरच्या गॅलरीत जातो. स्टेजची पाठ नदीकडे आणि स्पीकरची तोंडं हॉलकडे करा. फोटोत मागे नदी हवी म्हणून स्टेज तसंच असतं, तेवढं बरं. पण डीजेवाला सब-वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, मोकळ्या जागेत पाण्याच्या दिशेने ठेवतो, तो तुम्हाला हलवून घ्यावा लागेल. उंचावरचे दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा चार लहान, माणसांच्या जवळ, डोक्याच्या थोडे वर लावा. कमी आवाजात सगळ्यांना ऐकू जातं. बास मात्र दूरवर जातोच, तो उतरवण्यावाचून इलाज नाही. पोलीस ठाण्याची परवानगी यजमानाच्या नावावर असते. दहा वाजता बंद करायची जबाबदारीही त्याचीच, डीजेवाल्याची नाही. साडेनऊला शेवटचं गाणं सांगायला घरातला एक माणूस नेमा, आणि तो नाचणाऱ्यांपैकी नसावा.

गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरले का, असं कोणी विचारलं तर लक्षात ठेवा : लग्न, वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(झेडए) मध्ये सूट आहे. वाढदिवस, कंपनीचा मेळावा, नववर्षाची पार्टी यांना नाही.

प्रश्न : हॉलच्या भाड्यात ‘जनरेटर बॅकअप’ लिहिलंय. वेगळा आणायची गरज आहे का? (मखमलाबाद)

बॅकअप कशाचा, हे विचारा. अनेक ठिकाणी तो फक्त दिवे-पंख्यांचा असतो, एसी आणि साउंड त्यावर चालत नाहीत. तुमचा भार मोजा. दीड टनाचे आठ एसी असतील तर प्रत्येकी सुमारे 1.6 किलोवॅट, म्हणजे 12.8. वीस पंखे दीड किलोवॅट, सजावटीचे दिवे तीन, साउंड चार, भटारखान्यातले मिक्सर-फ्रीज तीन, दीड एचपीचा पंप 1.1. बेरीज साधारण साडेपंचवीस किलोवॅट. त्याला 0.8 ने भागलं की जनरेटरचं माप मिळतं, 32 केव्हीए. एसी आणि पंप सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढतात, म्हणून 32 ला 32 चाच जनरेटर घेतला तर तो तिथेच गुदमरतो. 45 च्या खाली जाऊ नका. बाजारात 62.5 केव्हीएची गाडी सहज मिळते. निम्म्या भाराला ती ताशी सात-आठ लिटर डिझेल खाते. दर तासाचा ठरवलाय की डिझेल वेगळं, हे लिहून घ्या. सुरू करताना आणि बंद करताना मीटरवरचे तास फोटोत टिपा. हॉलच्या वीज मीटरचाही फोटो ताबा घेताना आणि देताना काढा. युनिटवरून होणारी भांडणं त्या दोन फोटोंनी मिटतात.

जनरेटरची गाडी उतारावर, नदीच्या बाजूला उभी करू देऊ नका. ‘आवाज येत नाही’ म्हणून ती तिथेच लावतात. पाऊस झाला की चाकं रुततात आणि डिझेल सांडलं तर थेट पाण्यात जातं. रस्त्याच्या बाजूला, उंचावर, एक्झॉस्ट हॉलच्या उलट दिशेला, अशी उभी करा.

धोका खरा असतो तो ओल्या गवतातला. मंडपवाले केबल गवतावरून ओढतात आणि मधला जोड इन्शुलेशन टेप गुंडाळून तसाच सोडतात. संध्याकाळी दव पडलं की तो जोड ओला. केबल सलग हवी. जोड टाळता येत नसेल तर तो जमिनीपासून वर, खांबाला बांधलेल्या बंद डबीत हवा. बोर्डवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असली पाहिजे. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं, ते मंडपवाल्यासमोर दाबा. दिवे गेले तर ती जिवंत आहे. दाबूनही काही झालं नाही तर आरसीसीबी नुसती शोभेला आहे, ती बदलून मिळेपर्यंत मेन चालू करू देऊ नका. नदीकडच्या लोखंडी कठड्याला दिव्यांच्या माळा लावायची फार हौस असते, आणि त्याच कठड्याला हात टेकून लोक फोटो काढतात. तिथे 230 व्होल्टची माळ अजिबात नको. 12 किंवा 24 व्होल्टची एलईडी पट्टी लावा आणि तिचा अडॅप्टर आत, कोरड्या जागी ठेवा.

प्रश्न : बारशाला लहान मुलं पुष्कळ असतील. हॉलच्या मागे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. (नाशिकरोड)

पायऱ्यांच्या तोंडाला फाटक हवं, आणि त्याची कडी बाहेरच्या बाजूला, साडेचार-पाच फुटांवर. नुसती दोरी बांधून ‘प्रवेश बंद’ची पाटी लावली तर मुलं दोरीखालून जातात. कठड्याची उंची किमान मीटरभर असावी आणि उभ्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नसावी. गज आडवे असतील तर मुलांना ती शिडीच वाटते, अशा कठड्याला आतून जाळी बांधून घ्या. खुर्च्या आणि टेबलं कठड्यापासून चार फूट लांब ठेवा. पावसाळ्यानंतर खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं, मोठी माणसंही घसरतात. हॉलमध्ये फुगवलेली रबरी रिंग आणि 20-25 मीटरचा नायलॉनचा दोर आहे का, विचारा. दोघांची किंमत मिळून एका केकपेक्षा जास्त नाही, तरी ती सहसा नसतात. एखाद्या मामाला किंवा काकाला तासातासाची पाळी देऊन पायऱ्यांजवळ बसवा. ‘सगळे लक्ष ठेवू’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

प्रश्न : डिसेंबरात संध्याकाळचं रिसेप्शन नदीकाठी ठेवलं तर थंडी आणि डास? (इंदिरानगर)

दोन्ही आहेत. नाशिकचा पारा डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली बऱ्याचदा जातो, आणि काठावर तो गावापेक्षा जास्त झोंबतो. साडेसहाला सुरू करून साडेनऊला आटोपा. जेवण आत आणि फोटो बाहेर, असा बेत करा. डासांचं म्हणाल तर पाणवेली साचलेल्या, संथ पाण्याजवळचा हॉल टाळा. वाहत्या पाण्याच्या काठी त्रास कमी. धूरफवारणी कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी करून घ्या, ऐन वेळी केली तर पाहुणे खोकतात. पांढऱ्या प्रखर दिव्यांवर किडे तुटून पडतात. जेवणाच्या काउंटरवर पिवळसर दिवे ठेवा, आणि एक पांढरा हॅलोजन मुद्दाम लांब, कोपऱ्यात लावा.

प्रश्न : रामकुंडावर दशक्रिया झाल्यावर दीडशे माणसांचं जेवण जवळच्याच हॉलमध्ये करायचं. तयारीला दोन दिवसच आहेत. (सातपूर)

अशा कार्यांसाठी पंचवटीतली काही कार्यालयं अर्ध्या दिवसाच्या दराने मिळतात, फक्त लग्नाची तीथ नसावी. विचारताना ‘दशक्रियेचं जेवण’ असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी हॉल फक्त शुभकार्यालाच देतात आणि ऐन वेळी नकार येतो. वेळ सकाळी दहा ते तीन घ्या. विधी लांबला तर जेवण दीडच्या आत सुरू होत नाही. कावळा शिवायलाही वेळ लागतो, तो कोणाच्या हातात नाही. दीडशे पानांना व्यावसायिक 19 किलोचे दोन सिलिंडर, त्यातला एक राखीव. थर्माकोल-प्लास्टिकची ताटं-वाट्या राज्यात 2018 पासून बंद आहेत, पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड. पत्रावळी-द्रोण घ्या. उरलेलं अन्न आणि पत्रावळी वेगळ्या पिशव्यांत भरून ठेवा आणि घंटागाडीची वेळ हॉलच्या माणसाकडून आधीच घ्या. कार्यालयाऐवजी मोकळ्या पटांगणात शंभराहून जास्त माणसं बसवणार असाल, तर महापालिकेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. दोन दिवसांत ते जमणारं नाही, म्हणून हॉलच घ्या.

प्रश्न : लग्नाची तारीख बदलल्यामुळे चार महिने आधी बुकिंग रद्द केलं. 60,000 ॲडव्हान्स होता, मालक म्हणतो पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ छापलंय. (गंगापूर रोड)

छापलं म्हणजे संपलं असं नाही. करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते. ती तारीख मालकाने पुढे दुसऱ्याला दिली असेल, आणि चार महिने हाताशी असताना ती जातेच, तर त्याचं नुकसान किरकोळ आहे. तुमच्या जुन्या तारखेला हॉलवर कोणाचं कार्य झालं का, हे पाहून घ्या. दाराशी उभ्या असलेल्या नावाच्या फलकाचा एक फोटो पुरतो. मग लेखी पत्र द्या, स्पीड पोस्टाने, 15 दिवसांची मुदत घालून. तरी दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

पुरामुळे किंवा सरकारी आदेशामुळे हॉल देणंच अशक्य झालं असेल तर गोष्ट आणखी सोपी. कलम 56 प्रमाणे करार रद्दबातल होतो आणि कलम 65 प्रमाणे घेतलेले पैसे परत करावे लागतात.

अनामत रकमेबद्दलही बरीच पत्रं आहेत. ताबा घेताना खुर्च्या, टेबलं, पातेली, झारे, ग्लास यांची मोजदाद दोघांनी मिळून करा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. आधीच मोडलेल्या खुर्च्या वेगळ्या काढून त्यांचा फोटो काढा. नाहीतर मोडक्या सहा खुर्च्यांचे पैसे प्रत्येक कार्याकडून वसूल होत राहतात आणि खुर्च्या तशाच राहतात.

प्रश्न : नदीवरून ड्रोनने शूटिंग करायचं आहे. फोटोग्राफर म्हणतो काही लागत नाही. (देवळाली कॅम्प)

तुमच्या भागात तर नक्कीच लागतं. देवळालीचं तोफखाना केंद्र आणि गांधीनगरची लष्करी धावपट्टी यांच्यामुळे शहराचा मोठा भाग निर्बंधात येतो. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हॉलचं ठिकाण टाकून बघा. लाल पट्ट्यात असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. पट्टा हिरवा असला तरी स्थानिक पोलिसांचा बंदी आदेश चालू आहे का, ते ठाण्यात विचारा. फोटोग्राफरला ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि चालकाचं प्रमाणपत्र मागा. दाखवायला त्याने आढेवेढे घेतले, तर हॉलच्या गच्चीवरून लांब काठीला कॅमेरा लावून नदीचा शॉट छान येतो.